सात मिनिटांचा खेळाडू

वायहारा प्रांताच्या संघाकडून लेक्स गिलफिलन एकूण सात मिनिटं रग्बी खेळला, आणि त्या सात मिनिटांवर त्याने पुढची अडतीस वर्षं भाषणं ठोकली. मैदान सोडून बाकी सगळीकडे तो खेळाडू होता. कुणाचा साठावा वाढदिवस असो, मेंढ्या कातरणाऱ्यांचं स्नेहभोजन असो की अग्निशमन दलाची देणगीसभा, चहा-केक झाला की कुणीतरी हाक द्यायचंच, "लेक्स, ते सत्याऐंशीचं सांग रे!" आणि लेक्स नको नको म्हणत उठायचा. नको म्हणायला त्याला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात तो खुर्ची मागे सारून उभाही राहिलेला असायचा.

मग सुरू व्हायचं. "मोसमातला शेवटचा सामना. बेचाळीस-सहाने आपण मागे. मी अकरा सामने राखीव बाकावर बसून काढलेले. बाकाला माझ्या बुडाचा आकार आला होता मंडळी! सात मिनिटं उरली आणि आमचा कडेने पळणारा विंगर, टिपेने कराईतियाना, त्याने सहज मागे वळून पाहिलं, तर मी. ओल्या कोकरासारखा कुडकुडतोय. त्याला आली दया. वीस मीटरमध्ये माणूस नाही, काही नाही, आणि हा धाडकन खाली! डॉक्टर हॉल्डेन धावत आले. म्हणाले, कुठला पाय? टिपेने म्हणतो, डॉक्टर, तुम्हाला सोयीचा असेल तो!"

इथे लोक टेबलं बडवायचे. पुढे लेक्स मैदानात कसा गेला, चेंडू एकदाच त्याच्याकडे आला तो थेट डोक्यावर कसा आपटला, आणि तिथून उडून रेषेबाहेर गेल्यामुळे आपल्या संघाला तीस मीटरचा फायदा कसा झाला, हे सगळं साग्रसंगीत व्हायचं. "प्रांतासाठी डोकं वापरणारा मी पहिलाच," असं म्हणून तो खाली बसायचा. टिपेने समोर असला तर सगळ्यांबरोबर तोही हसायचा.

तसा आमच्या संघाचा इतिहासच विनोदाला पोषक. एकोणीसशे साली मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यतीत बँकेचा मॅनेजर आणि स्टेशनमास्तर यांचं भांडण झालं, ते मिटवायला सामना ठरवला, आणि त्यातून ही संघटना जन्माला आली. पहिल्या सामन्यात चेंडू नदीत गेला तो गेलाच. निकाल अजून लागायचा आहे. जर्सी गडद निळी मागवली होती. गठ्ठा आला तो मोहरीच्या आणि शेणाच्या रंगाचा. परत पाठवायला बोट महिन्याने होती, म्हणून तोच रंग आमचा. आता संघ व्यावसायिक झालाय. निम्मी मुलं ऑकलंडची नाहीतर टोंगाची, करार करून आलेली. त्यांना मटणाचा पाय खायला बंदी करणाऱ्या एक आहारतज्ज्ञ बाई आहेत, आणि कुणी किती पावलं पळाला हे संगणकावर मोजणारा एक माणूस. पूर्वी आम्ही हौसेने हरायचो, आता पगार घेऊन हरतो. पण वाईट वाटायचं प्रमाण तेच.

तर यंदा सव्वाशेवं वर्ष. संघटनेने ठरवलं की प्रांताकडून खेळलेल्या प्रत्येक हयात माणसाला मखमली टोपी द्यायची. टोपीवर त्याचा नंबर. पहिला सामना ज्या क्रमाने खेळला तो त्याचा नंबर, एकापासून आजतागायत. शनिवारच्या सामन्याआधी सगळ्यांना नंबराने पुकारून मैदानात उभं करायचं. टिपेनेचा नंबर पाचशे अठ्ठ्याऐंशी, लेक्सचा सहाशे एक्केचाळीस. यादी तपासून पक्की करायचं काम आलं नोलीन स्ट्रॅखन बाईंकडे. बाईंनी गावच्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलेलं. संघटनेच्या समितीतल्या नऊपैकी सात जणांना त्यांनी कधी ना कधी वर्गाबाहेर उभं केलेलं होतं.

सोमवारी सकाळी बाई लेक्सच्या दुकानात आल्या. लेक्स शेतीचं सामान विकतो, कुंपणाची तार, गमबूट, जनावरांची औषधं. तो तारेचं भेंडोळं मोजत होता.

"गिलफिलन, तुझं नाव मला खोडावं लागेल असं दिसतंय."

"कुठून बाई?"

"यादीतून. सत्याऐंशी साली बदली खेळाडू केव्हा घेता यायचा?"

"मैदानातला कुणी जायबंदी झाला तर."

"आणि जायबंदी झाला हे कुणी ठरवायचं?"

"डॉक्टरने." लेक्स अजून हसत होता. बाईंच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर येतायत याचाच त्याला आनंद.

"मग कराईतियानाला काय झालं होतं?"

"काही नाही हो, त्याला आली दया..." जीभ इतक्या वर्षांच्या सवयीने पुढे गेली होती. लेक्सने ती चावली, पण उशीर झाला होता.

"बरोबर. हे तू अडतीस वर्षं सांगतोयस. माझ्या निरोप समारंभातसुद्धा सांगितलंस, शिष्यवृत्ती जाहीर करायची सोडून. नियमात दुखापतीची सोय आहे, गिलफिलन. दयेची नाही. दुखापत खोटी असेल तर बदली बेकायदा, आणि बदली बेकायदा तर तू प्रांताकडून खेळलाच नाहीस."

"बाई, तो विनोद आहे!"

"विनोद आहे म्हणजे खोटं आहे?"

लेक्सने भेंडोळं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. खरं सांगायचं तर विनोद किती आणि खरं किती, हे त्याला आता आठवत नव्हतं. टिपेने पडला होता, हे खरं. आसपास कुणी नव्हतं, हेही खरं. उरलेलं बहुधा पहिल्या भाषणात दुसऱ्या ग्लासानंतर सुचलं असावं.

"डॉक्टरांची चिठ्ठी असेल ना?"

"चिठ्ठ्या चौऱ्याण्णवच्या पुरात गेल्या. डॉक्टर त्याच्या आधीच गेले. आता साक्षीदार एकच. कराईतियानाने लिहून द्यावं की मी खरोखर जायबंदी होतो, मी तुझं नाव ठेवते. गुरुवारी दुपारी समिती बसतेय." जाताना बाईंनी गमबुटांवरची किमतीची पाटी वाचली आणि शुद्धलेखनाची चूक दाखवली.

घरी ग्लेनिसने, म्हणजे बायकोने, सगळं ऐकून घेतलं आणि केटल चुलीवर ठेवली. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. किती वर्षं सांगतेय, सात मिनिटांची गोष्ट चाळीस मिनिटं सांगू नकोस म्हणून."

"अगं, एक टोपी तर आहे."

"मग गप जेव."

त्याला जेवण गेलं नाही. सहाशे एक्केचाळीस या आकड्याची लेक्सने जेवढी टिंगल केली तेवढी दुसऱ्या कुणी केली नसेल. पण ती करायचा हक्क त्याचा होता, कारण आकडा त्याचा होता. बाप मेंढ्या राखत गेला, भाऊ ऑस्ट्रेलियात हरवला. लेक्सने स्वतः दुकान चालवलं, बरंही चालवलं, पण दुकानदाराला नंबर कोण देतं? सव्वाशे वर्षांत या प्रांतात लाखभर माणसं जगली-मेली असतील. त्यातली नऊशे त्या यादीत होती, आणि त्यात तो होता. डोक्यावर चेंडू आपटून का होईना, होता. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. विनोद करणाऱ्या माणसाला असलं काही सांगता येत नाही.

मंगळवारी दुपारी तो टिपेनेकडे गेला. टिपेने शाळेची बस चालवतो. सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांच्या मधे तो नदीच्या मुखाशी जाळं लावून बसतो. बोटाएवढे पारदर्शक मासे त्या दिवसांत भरतीबरोबर वर चढतात. लेक्सने आधी माशांची चौकशी केली. मग पावसाची. मग नव्या टोंगन विंगरची.

"लेक्स," टिपेने जाळ्यावरची नजर न काढता म्हणाला, "ताकाला आलायस तर भांडं काढ."

लेक्सने काढलं. सगळं सांगितलं, बाईंच्या आवाजाची नक्कल करून. "तेव्हा लेका, एक छोटंसं खोटं बोल माझ्यासाठी. दोन ओळी. गुडघा दुखावला होता, सही. तू एवढं मैदानात पडलास माझ्यासाठी, आता कागदावर पड."

टिपेनेने जाळं उचललं, झटकलं, मूठभर मासे बादलीत पडले.

"खोटं कशाला बोलू? मोडलाच होता."

लेक्स हसला. टिपेने नाही हसला. त्याने उजव्या पायाचा गमबूट काढला आणि पँट मांडीपर्यंत सरकवली. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनी शिवणीसारखे दोन लांब व्रण होते. जुने, पांढरे पडलेले.

"बुटाचा खिळा चिखलात रुतला. अंग वळलं, गुडघा नाही वळला. आसपास कुणी लागत नाही त्याला. काठी मोडल्यासारखा आवाज आला. तुला बाकावर ऐकू आला नाही?"

"मी..." लेक्सला आठवलं की तो तेव्हा ट्रॅकसूटची अडकलेली चेन उघडत होता. बोलावणं आलं या आनंदात त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. "पण तू तर उत्तरेला गेलास. मेंढ्या कातरायच्या कामाला!"

"बहिणीकडे गेलो. तिकडच्या इस्पितळात. आठ महिने."

"आणि तो निवड सामना? दक्षिण बेटाच्या संघासाठीचा? तू गेला नाहीस तेव्हा आम्ही म्हणालो, कंटाळा केला."

"म्हणू दिलं."

पाणी वर चढत होतं. लेक्सने बादली मागे ओढून घेतली.

"मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?"

"तू बोलू दिलंस कुठे?" टिपेने म्हणाला. रागाने नाही, बस किती वाजता सुटते ते सांगावं तसा. मग पँट खाली करत म्हणाला, "माझ्या बापाचा खांदा गेला होता बासष्ट साली. ऐकलंयस ना? दुकानात जाऊ दे, चर्चमध्ये जाऊ दे, लोक म्हणायचे, बिचारा वी कराईतियाना, काय खेळाडू झाला असता. मरेपर्यंत 'झाला असता'. मी परत आलो तर दारूच्या दुकानात सगळे पाठ थोपटायला लागले. टिपेने म्हणजे दिलदार! दोस्तासाठी पडला! मला वाटलं, हे बरंय. दिलदार तर दिलदार."

"आणि लंगडायचास ते?"

"बस चालवून गुडघा आखडतो, असं सांगायचो. तूच म्हणालास एकदा भाषणात, अजून नाटक सोडत नाही म्हणून."

म्हणाला होता. लेक्सला सभागृहसुद्धा आठवलं. सगळ्यांत मोठा हशा त्या रात्री त्या वाक्यालाच मिळाला होता.

"लिहून देतो तुला," टिपेने जाळं पुन्हा पाण्यात सोडत म्हणाला. "तुझा नंबर आहे."

"नको. राहू दे. मी बघतो काय ते." आणि लेक्स पळाला. मैदानावर तो इतक्या वेगाने कधी पळाला नव्हता.

दोन दिवस त्याने दुकानात कुणाला एक विनोद सांगितला नाही. गिऱ्हाईकं विचारायला लागली, ग्लेनिस बरी आहे ना म्हणून. त्याने हिशोब करून पाहिला, ती गोष्ट आपण शंभर वेळा तरी सांगितली. त्यातल्या निम्म्या वेळा टिपेने समोर होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की दाढी करताना आरशात बघवेना. माणूस स्वतःवर हसतो तेव्हा कुणाला दुखवत नाही, असा त्याचा समज होता. तो स्वतःवर हसत होता खरा, पण दुसऱ्याच्या गुडघ्यावर उभा राहून.

गुरुवारी दुपारी संघटनेच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत समिती बसली. नऊ जण, मधे चहा, चीज रोल, आणि भिंतीवर हरलेल्या अंतिम सामन्यांचे फोटो. जिंकलेला एकच आहे, तो जिन्यात लावलाय. बाईंसमोर नोंदवही आणि लाल पेन.

"गिलफिलन, कराईतियानाचं पत्र आणलंस?"

"नाही बाई. खोटीच होती दुखापत. नाटक होतं. खोडा नाव."

अध्यक्ष म्हणाले, "अरे लेक्स, जरा विचार कर..."

"विचार केलाय. चेंडू डोक्यावर आपटला तेव्हापासून जमत नाही, पण केलाय." कुणी हसलं, आणि लेक्सला बरं वाटलं. एवढं झालं की संपलं. शनिवारी तो ग्लेनिसबरोबर लोकांत बसेल, टोप्या बघेल, घरी येईल. बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक जोरात, एक हळू. टिपेने आत आला. हातात एक पिवळा पडलेला लिफाफा.

"बाई, मोडला होता," तो म्हणाला. "उत्तरेतल्या इस्पितळाचं पत्र आहे. तारीख बघा."

"मोडला नव्हता!" लेक्स ओरडला.

बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "एक म्हणतो मोडला, एक म्हणतो नाही. गुडघा कुणाचा?"

"माझा," टिपेने म्हणाला.

"मग गिलफिलन, तू गप्प बस."

बाईंनी पत्र उघडलं आणि शाळेतल्या सवयीने मोठ्याने वाचलं. दोन शस्त्रक्रिया. गुडघ्याचा अस्थिबंध पूर्ण तुटलेला. रुग्णाने यापुढे रग्बी खेळू नये. रुग्णाचं वय तेवीस. अध्यक्षांनी चष्मा काढला. "अरेरे," ते म्हणाले, "म्हणजे तो निवड सामना... टिपेने, अरे तू तर देशाकडून खेळला असतास!"

"बिचारा," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

टिपेने भिंतीकडे पाहत होता. लेक्सला दिसलं की त्याची मान खाली जातेय. आयुष्यभर जे टाळलं ते या माणसाने आपल्या एका टोपीसाठी स्वतःच्या हाताने लिफाफ्यात घालून आणलंय. आता शनिवारी पाच हजार माणसं तेच म्हणणार. लेक्स उठला. या वेळी तो नको नको म्हणाला नाही.

"थांबा, थांबा! बिचारा तो कसा? बिचारा प्रांत म्हणा! एका मिनिटात आपला सगळ्यांत चांगला विंगर गेला, आणि बदल्यात मिळालं काय? मी!"

कुणी हसलं नाही. लेक्स तसाच बोलत राहिला.

"तो गेला तेव्हा बेचाळीस-सहा होतं. संपलं तेव्हा साठ-सहा. गुण करणारे समोरचे तिघेही माझ्याच बाजूने पळाले. त्याचा एक गुडघा गेला होता, माझे दोन्ही शाबूत होते, तरी फरक बघा! त्याला उचलून न नेता तिथेच कुंपणाच्या खांबासारखा उभा केला असता ना, तर किमान एक जण अडखळला असता!"

पहिल्यांदा हसला तो टिपेने. नाकातून, नको असताना फुटावं तसं. मग अध्यक्ष. मग बाकीचे, सुटल्यासारखे. कुणी 'खांब!' म्हणून टेबल बडवलं. टिपेनेची मान वर आली. लेक्सने तिथे थांबायला हवं होतं, कसबी माणूस हशा आला की थांबतो. पण त्याला थांबता येईना.

"आणि अडतीस वर्षं हा माझ्यासमोर लंगडतोय," तो म्हणाला, "आणि मी गावभर सांगतोय की नाटक करतो. मैदानात मला चेंडू दिसला नाही. बाहेर हा दिसला नाही." सवयीने दोघे-तिघे हसले आणि मधेच गप्प झाले. "चुकलं माझं, टिपेने."

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं, निळं उचललं आणि वहीत लिहू लागल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "सहाशे एक्केचाळीस, एल. गिलफिलन. बदली, टी. कराईतियाना याच्या जागी. कारण, गुडघा. पुढचा विषय, शनिवारचे मांडव."

"शाळा सुटेल," टिपेने म्हणाला. "बस काढायला हवी."

लेक्स त्याच्यामागून बाहेर आला. जिना उभा आणि जुना, चोवीस पायऱ्यांचा. टिपेने वरच्या पायरीवर थांबला. एरवी तो कठडा न धरता, ओठ दाबून, इतरांच्या बरोबरीने उतरायचा. लेक्सने हे शेकडो वेळा पाहिलं होतं आणि त्याला काही दिसलं नव्हतं. आता टिपेनेने लेक्सच्या खांद्यावर हात ठेवला. सगळं वजन टाकलं, आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरू लागला. आठव्या पायरीला लेक्सला एक विनोद सुचला, बाराव्या पायरीला त्याहून चांगला. त्याने दोन्ही गिळले आणि पुढच्या पायरीवर पाय घट्ट रोवला.